निजिन्स्कीची मुकी तीस वर्षे

१९ जानेवारी १९१९. स्वित्झर्लंडमधील सेंट मॉरिट्झ येथील एका हॉटेलच्या दालनात वास्लाव निजिन्स्कीचे नृत्य पाहण्यासाठी निमंत्रित मंडळी जमली होती. तो आला, खुर्चीवर बसला आणि बराच वेळ प्रेक्षकांकडे नुसता पाहत राहिला. मग काळ्या व पांढऱ्या मखमलीचा क्रूस जमिनीवर मांडून त्याने महायुद्धातील संहार नाचून दाखवला. तिशीच्या उंबरठ्यावरील या नर्तकाचा तो अखेरचा जाहीर प्रयोग ठरला.

कीव्ह येथे पोलिश नर्तक दांपत्याच्या पोटी जन्मलेला, सेंट पीटर्सबर्गच्या राजाश्रयी शाळेत घडलेला निजिन्स्की १९०९ पासून दियागिलेव्हच्या मंडळीबरोबर पॅरिस गाजवू लागला. त्याची झेप पाहणाऱ्यांना तो क्षणभर हवेतच थांबल्यासारखा वाटे. १९१३ मध्ये त्याने बसवलेल्या ‘राइट ऑफ स्प्रिंग’ने नाट्यगृहात गदारोळ माजवला. त्याच वर्षी ब्युनोस आयर्समध्ये त्याने रोमोलाशी विवाह केला आणि संतापलेल्या दियागिलेव्हने त्याला काढून टाकले. पुढे युद्ध, बुडापेस्टमधील नजरकैद. त्याच्या आजाराचे खापर कोणी दियागिलेव्हवर फोडले, कोणी रोमोलावर. आघातांनी असा आजार उफाळू शकतो, हे खरे. पण एका भांडणातून तो जन्मत नाही. आपल्याकडेही घरात असे काही घडले की आधी सुनेकडे बोट जाते.

सेंट मॉरिट्झच्या त्या हिवाळ्यात तो गळ्यात मोठा क्रूस घालून गावकऱ्यांना चर्चमध्ये जाण्यास सांगत फिरे, टक लावून पाहणारे डोळे चितारी, आपण देवाशी एकरूप झालो आहोत असे रोजनिशीत लिही. रोमोलाच्या आठवणींनुसार, पहिला इशारा घरच्या एका नोकराने दिला. लहानपणी त्याने तत्त्ववेत्त्या नीत्शेची कामे केली होती आणि वेड लागण्यापूर्वीची ती नजर त्याला ओळखीची वाटली.

मार्चमध्ये रोमोलाने त्याला झुरिकला ऑयगेन ब्लॉयलर यांच्याकडे नेले. ‘स्किझोफ्रेनिया’ हा शब्द १९०८ मध्ये याच डॉक्टरांनी घडवला होता. आपला ‘छिन्नमनस्कता’ हा शब्द त्याचेच मराठी रूप. एका देहात दोन माणसे, असा त्याचा अर्थ नव्हे. विचार, भावना आणि कृती यांना बांधणारा धागा तुटतो, एवढेच त्यात सांगितले आहे. निदान युरोपातील सर्वांत जाणत्या माणसाने केले. औषध मात्र त्याच्यापाशीही नव्हते.

मग क्रॉयझलिंगेनचे बेलव्ह्यू आरोग्यधाम, इतर रुग्णालये, मधूनमधून घर. रोमोलाने त्याला लुर्दच्या तीर्थालाही नेले. देवदेवस्कीला दोष देणे सोपे आहे. पण विज्ञान हात टेकते तेव्हा माणूस जाणार कुठे? १९२८ मध्ये दियागिलेव्हने त्याला पॅरिसच्या ऑपेरात ‘पेत्रुश्का’ दाखवायला नेले. ज्या भूमिकेने तो अजरामर झाला, ती दुसऱ्याला करताना पाहूनही त्याच्यात काही जागे झाले नाही. १९३८ पासून इन्सुलिनचे झटके देण्यात आले. त्याने काहीसा सावरला, पूर्ववत झाला नाही. १९४५ मध्ये रशियन सैनिक आले, मातृभूमीची भाषा कानी पडली, तेव्हा तो त्यांच्यात मिसळून थोडा नाचला, असे सांगतात.

८ एप्रिल १९५० रोजी लंडनमध्ये त्याचे निधन झाले. तीन वर्षांनी त्याचे अवशेष पॅरिसच्या मोंमार्त्र दफनभूमीत हलवण्यात आले. त्याच शहरातील रुग्णालयांत आदल्याच वर्षी, १९५२ मध्ये, क्लोरप्रोमाझीन हे या आजारावरील पहिले परिणामकारक औषध रुग्णांना देण्यास सुरुवात झाली होती.