साखर भरपूर, तरी तण का मरतं? उत्तराचा रस्ता दाखवणारे लुईस लेलुआर

सोयाबीनमध्ये इमॅझेथापायर नावाचं तणनाशक फवारतात. विदर्भ-मराठवाड्यातल्या मित्रांनी ते पाहिलंही असेल. फवारल्यावर तण लगेच मरत नाही. आधी वाढ थांबते, मग कोवळा शेंडा पिवळा पडतो आणि काही आठवड्यांत झाड संपतं.

आता गंमत बघा. या प्रकारचं तणनाशक दिलेल्या रोपांची पानं प्रयोगशाळेत तपासली, तर त्यात साखर आणि स्टार्च नेहमीपेक्षा जास्त सापडतं. मुळांतही साखर साठलेली असते. म्हणजे कोठार भरलेलं, तरी झाड मरतंय! हे कसं?

हे कोडं सोडवायचं तर झाडात साखर कशी तयार होते आणि कुठे खर्च होते, हे आधी कळायला हवं. त्यातला मोठा भाग शोधून काढला अर्जेंटिनाच्या लुईस लेलुआर यांनी.

डॉक्टर झाले, पण रमले नाहीत

लेलुआर यांचा जन्म 6 सप्टेंबर 1906 रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील त्याआधीच वारले होते. मूल दोन वर्षांचं असताना कुटुंब अर्जेंटिनाला परतलं. घरची शेतजमीन भरपूर होती, पैशांची चिंता नव्हती. तरुणपणी क्लबमध्ये जेवताना त्यांनी मेयोनीज आणि केचप एकत्र करून एक सॉस बनवला, असं सांगतात. तो ‘साल्सा गोल्फ’ अर्जेंटिनात आजही आवडीने खातात.

1932 मध्ये ते ब्युनोस आयर्समधून डॉक्टर झाले. पण त्या काळी कित्येक आजारांवर उपचारच नव्हते. रुग्णासाठी फारसं काही करता येत नाही, ही गोष्ट त्यांना खटकत राहिली. मग ते प्राध्यापक बर्नार्डो उसाय यांच्याकडे संशोधनाला लागले. विषय होता शरीरात साखरेचं काय होतं.

1943 मध्ये उसाय यांनी लोकशाहीच्या बाजूने एका पत्रकावर सही केली आणि सरकारने त्यांना विद्यापीठातून काढलं. लेलुआर यांची स्वतःची नोकरी शाबूत होती. तरी ती सोडून ते नव्या नवरीसह अमेरिकेला गेले आणि तिथल्या प्रयोगशाळांत काम केलं. दोन वर्षांनी ते परत आले. तिकडेच स्थायिक होणं सोपं होतं, पण त्यांनी ते केलं नाही.

ट्यूब, बर्फ आणि मीठ

1947 मध्ये कापड उद्योजक हाइमे काम्पोमार यांच्या मदतीने एका छोट्या जुन्या घरात संस्था सुरू झाली. छत गळायचं, म्हणून पुस्तकं वाचवायला पुठ्ठ्याच्या पन्हळी लावल्या होत्या. एन्झाइम उष्णतेने खराब होतात, त्यामुळे यंत्र थंड ठेवणं गरजेचं. थंड करणारं सेंट्रिफ्यूज नव्हतं, म्हणून साध्या यंत्राभोवती गाडीच्या टायरची ट्यूब गुंडाळून तिच्यात बर्फ आणि मीठ भरलं. आपल्याकडे हाताने फिरवायच्या आइस्क्रीम पॉटमध्ये घालतात ना, अगदी तसंच! लेलुआर स्वतः दोरीने बांधलेल्या खुर्चीवर बसून काम करायचे.

याच घरात यीस्टवर काम करताना 1950 च्या सुमारास त्यांना आणि सहकाऱ्यांना एक नवा रेणू सापडला: यूडीपी-ग्लुकोज. सोपं करून सांगायचं तर नुसतं ग्लुकोज म्हणजे सिम नसलेला फोन. हातात असतो, पण कुणाला जोडला जात नाही. यूडीपी नावाचा तुकडा चिकटला की ग्लुकोज दुसऱ्या रेणूला जोडायला तयार होतं.

पुढे 1955 मध्ये लेलुआर आणि कार्लोस कार्दिनी यांनी गव्हाच्या अंकुरातले एन्झाइम वापरून दाखवलं की यूडीपी-ग्लुकोज आणि फ्रुक्टोज जोडून सुक्रोज बनतं. सुक्रोज म्हणजे आपल्या चहातली साखर. उसाच्या पानातही ती यूडीपी-ग्लुकोज वापरूनच तयार होते. स्टार्चसाठी मात्र झाड एडीपी-ग्लुकोज हा त्याचा भाऊबंद वापरतं, हेही 1960 च्या सुमारास याच गटाने शोधलं.

1957 मध्ये काम्पोमार वारले आणि पैसे बंद झाले. अमेरिकेच्या आरोग्य संस्थेकडून अनुदान मिळालं म्हणून काम टिकलं. 1970 मध्ये लेलुआर यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. 2 डिसेंबर 1987 रोजी ते गेले.

आता कोड्याचं उत्तर

लेलुआर यांनी तणनाशकावर काम केलं नव्हतं. पण साखरेचा हिशोब त्यांच्यामुळे मांडता येतो. पान साखर बनवतं, ती सुक्रोजच्या रूपात शेंड्याकडे आणि मुळांकडे जाते, आणि तिथे नवीन पेशी बनवण्यात खर्च होते.

इमॅझेथापायर साखर बनवणाऱ्या एन्झाइमना थेट हात लावत नाही. ते एएलएस नावाचं वेगळंच एन्झाइम अडवतं. व्हॅलिन, ल्युसिन आणि आयसोल्युसिन ही तीन अमिनो आम्लं त्याच्यामुळे बनतात. ती नसली की नवीन प्रथिनं नाहीत, म्हणून नवीन पेशी नाहीत, म्हणजे वाढ ठप्प. बांधकामच थांबलं, तर विटा कोण उचलणार? मुळांत आलेली साखर पडून राहते. गिऱ्हाईक नसल्याने पानातला मालही तुंबतो. साखर वाढली हा ताकदीचा पुरावा नसून काम थांबल्याचं लक्षण आहे.

मग सोयाबीन का वाचतं? कारण ते हे तणनाशक आपल्या एन्झाइमनी लवकर मोडून टाकतं. बऱ्याच तणांना ते तितक्या वेगाने जमत नाही. एकाच फवाऱ्याखाली उभ्या असलेल्या दोन झाडांपैकी कुठलं जगणार, हे शेवटी एन्झाइमच ठरवतात.