पेटीत बंद केलेला आवाज : लिंडन जॉन्सन

थोरामोठ्यांची चरित्रे आपण वाचतो ती बहुधा त्यांच्या भाषणांवरून, पत्रांवरून आणि समकालीनांच्या आठवणींवरून लिहिलेली असतात. भाषण लोकांसाठी केलेले असते, पत्र लिहिताना माणूस शब्द तोलतो आणि आठवणींवर काळाची पुटे चढतात. पण एखाद्या सत्ताधीशाचे रोजचे बोलणे, तेही बहुतेक वेळा समोरच्या माणसाला पत्ता नसताना, जसेच्या तसे टिकून राहिले तर? अमेरिकेचे छत्तिसावे राष्ट्राध्यक्ष लिंडन बेन्स जॉन्सन यांच्या बाबतीत हे घडले आहे. १९६३ ते १९६९ या काळातील त्यांची सुमारे ६४३ तासांची टेलिफोनवरील संभाषणे आज टेक्सस राज्यातील ऑस्टिन येथील ग्रंथालयात जतन केलेली आहेत. त्यांच्या जोडीला, त्यांना ओळखणाऱ्या शेकडो माणसांच्या मौखिक आठवणी आहेत. या दोन्हींच्या उजेडात जॉन्सन यांच्या आयुष्याकडे पाहिले म्हणजे मनात कौतुक आणि खेद एकदमच दाटून येतात.

लिंडनचा जन्म २७ ऑगस्ट १९०८ रोजी टेक्ससमधील स्टोनवॉल गावाजवळ, पेडर्नालिस नदीच्या काठी झाला. मुलूख खडकाळ, जमीन हलकी, पाऊस बेभरवशाचा. वडील सॅम जॉन्सन राज्याच्या विधिमंडळाचे सभासद होते. आई रिबेका शिकलेली, मुलाने मोठे व्हावे म्हणून झुरणारी. कापसाचे भाव कोसळले आणि शेतीत घातलेला पैसा बुडाला. वडील कर्जबाजारी झाले. कालपर्यंत ज्या घराला गाव मान देत होते, त्याच घराकडे लोक वेगळ्या नजरेने पाहू लागले. मान जाणे म्हणजे काय, हे या मुलाने कोवळ्या वयात पाहिले. पुढे आयुष्यभर सत्तेची आणि लोकांच्या पसंतीची जी भूक त्यांना लागून राहिली, तिचे मूळ अनेक चरित्रकारांनी इथेच शोधले आहे.

शाळा संपल्यावर लिंडन कॅलिफोर्नियात भटकून आला, रस्त्याच्या कामावर मजुरी केली आणि अखेर १९२७ साली सॅन मार्कोस येथील शिक्षक-महाविद्यालयात दाखल झाला. पैसे संपले म्हणून मध्येच शिक्षण थांबवून १९२८ साली त्याने कोटुला या गावी शिक्षकाची नोकरी धरली. शाळा मेक्सिकन वंशाच्या गरीब मुलांची. मुले सकाळी उपाशीच वर्गात येत. वीस वर्षांच्या या मास्तराने स्वतःच्या पगारातून खेळाचे सामान आणले, वक्तृत्वाच्या स्पर्धा सुरू केल्या, शाळेच्या रखवालदारालाही इंग्रजी शिकवायला घेतले. त्याच्या विद्यार्थ्यांच्या आठवणी पुढे नोंदवून घेण्यात आल्या. त्यांत कृतज्ञता आहे, तशीच शाळेच्या आवारात स्पॅनिश बोलल्याबद्दल झालेल्या शिक्षेची आठवणही आहे. माया करणारा आणि आपलेच खरे करणारा, असे दोन लिंडन जॉन्सन त्या वर्गातच उभे होते. ही दुहेरी वीण शेवटपर्यंत उसवली नाही.

पुढचा प्रवास वेगाचा आहे. १९३१ साली ते एका प्रतिनिधीचे चिटणीस म्हणून वॉशिंग्टनला गेले. १९३४ साली क्लॉडिया टेलर हिच्याशी विवाह झाला. बाळपणापासून सारे तिला लेडी बर्ड म्हणत आणि तेच नाव जगाच्या ओठी बसले. १९३७ साली जॉन्सन प्रतिनिधिगृहात निवडून आले. त्यांच्या डोंगराळ मतदारसंघात तेव्हा खेडोपाडी वीज नव्हती. बायका विहिरीतून पाणी शेंदून काढत, रॉकेलच्या दिव्यावर रात्र काढत. जॉन्सन यांनी खटपटी करून सहकारी तत्त्वावर तिथे वीज आणली. त्या भागातील वृद्ध स्त्रियांनी ही आठवण पुढे मोठ्या मायेने सांगितली आहे.

पण याच माणसाने १९४८ साली सिनेटच्या उमेदवारीची निवडणूक अवघ्या ८७ मतांनी जिंकली, तीही उशिरा सापडलेल्या एका पेटीतील मतांच्या बळावर. त्या मतांवरचा संशय त्यांच्या नावाला कायमचा चिकटला. सिनेटमध्ये मात्र त्यांच्याइतका कुशल नेता त्या काळात झाला नाही. १९५५ साली ते बहुमतातील पक्षाचे नेते झाले. माणसाच्या अगदी तोंडाशी तोंड नेऊन, कधी गोंजारून, कधी दरडावून मत मिळवण्याची त्यांची रीत प्रसिद्ध होती. आणि समोर जाणे शक्य नसेल तेव्हा टेलिफोन! त्यांनी मोटारीतही टेलिफोन बसवून घेतला होता.

२२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलस येथे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली आणि उपाध्यक्ष जॉन्सन यांच्यावर राष्ट्राध्यक्षपदाची जबाबदारी आली. ध्वनिमुद्रणाची ही कहाणी त्याच दिवसापासून सुरू होते. प्लॅस्टिकच्या पट्ट्यावर आवाज कोरणारे, कचेरीत मजकूर सांगण्यासाठी वापरले जाणारे यंत्र टेलिफोनला जोडलेले असे. संभाषण जपून ठेवावेसे वाटले की जॉन्सन हवेत बोट फिरवत आणि चिटणीस यंत्र सुरू करीत. कोणी काय कबूल केले याची पक्की नोंद हाताशी असावी, हा त्यामागचा व्यवहारी हेतू. पुढे आत्मचरित्रासाठीही उपयोग होईल, हा विचारही असणार.

या संभाषणांतील एक माणूस पुन्हा पुन्हा भेटतो : जॉर्जियाचे सिनेटर रिचर्ड रसेल. सिनेटमध्ये जॉन्सन यांना वर आणणारे ते गुरू, घरोब्याचे स्नेही. २९ नोव्हेंबर १९६३ रोजी केनेडी-हत्येच्या चौकशीसाठी सरन्यायाधीश वॉरन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. वॉरन यांच्याविषयी रसेल यांच्या मनात अढी होती. त्यांनी सभासदत्व साफ नाकारले. जॉन्सन त्यांची समजूत घालतात, मैत्रीची आण घालतात, आणि नाव तर आधीच जाहीर झाले आहे असेही सांगून टाकतात. रसेल यांना गप्प बसावे लागते. हसू येते आणि थोडी भीतीही वाटते, असे ते संभाषण आहे.

याच गुरूविरुद्ध जॉन्सन यांना आयुष्यातील सर्वांत मोठा लढा द्यावा लागला. कृष्णवर्णीयांना समान नागरी हक्क देणारे विधेयक रोखून धरणाऱ्या दक्षिणेकडील सिनेटरांचे नेते रसेलच होते. चर्चा लांबवून विधेयक मारण्याचा त्यांचा डाव होता. जॉन्सन यांनी टेलिफोनवरून एकेक मत गोळा केले, विरोधी रिपब्लिकन पक्षाचे नेते डर्कसन यांना श्रेय देऊन आपल्याकडे वळवले. १० जून १९६४ रोजी ७१ विरुद्ध २९ मतांनी चर्चा बंद करण्याचा ठराव झाला आणि २ जुलैला कायद्यावर सही झाली. पुढच्या जानेवारीत मार्टिन ल्यूथर किंग यांच्याशी झालेल्या संभाषणात मतदानाच्या हक्कासाठी अन्यायाचे सर्वांत ढळढळीत उदाहरण शोधून ते देशापुढे मांडावे, असे जॉन्सन सुचवताना ऐकू येतात. आंदोलनाचा नेता आणि सत्तेचा धनी एकाच कामाची आखणी करीत आहेत! ६ ऑगस्ट १९६५ रोजी मतदान-हक्काचा कायदा झाला.

१९६५ हे वर्ष म्हणजे जॉन्सन यांच्या कर्तृत्वाचा माध्यान्ह. वृद्धांसाठी आरोग्यविमा आला. शाळांना संघराज्याचे साहाय्य देणाऱ्या कायद्यावर त्यांनी आपल्या बाळपणीच्या शाळेपाशी, पहिल्या शिक्षिकेला शेजारी बसवून सही केली. उच्च शिक्षणाच्या कायद्यावरची सही सॅन मार्कोसच्या आपल्या महाविद्यालयात केली. विद्यार्थ्यांना कर्ज आणि शिष्यवृत्त्या देणारा हा कायदा, एकेकाळी पैशाअभावी शिक्षण थांबवाव्या लागलेल्या विद्यार्थ्याच्या हातून झाला. त्याच वर्षीच्या ३ ऑक्टोबरला वंश आणि देश पाहून प्रवेश देण्याची जुनी पद्धत मोडणारा स्थलांतराचा कायदा झाला. पुढे पुण्या-मुंबईचे कितीतरी डॉक्टर, इंजिनियर अमेरिकेत स्थायिक झाले ते या उघडलेल्या दारातूनच.

आपल्या देशाशी त्यांचा आणखी एक संबंध आला, तो मात्र कडू-गोड आहे. १९६५ आणि १९६६ अशी लागोपाठ दोन वर्षे पावसाने दगा दिला. बिहारवर दुष्काळाची छाया पसरली. पी. एल. ४८० खाली अमेरिकेचा गहू जहाजांतून येत होता आणि रेशनच्या दुकानांतून तो घरोघर पोहोचत होता. एकट्या १९६६ साली भारताला सुमारे एक कोटी टन धान्य आयात करावे लागले. जॉन्सन यांनी हा पुरवठा दीर्घ मुदतीच्या कराराने न करता थोडा थोडा, हात आखडता ठेवून सोडला. भारताने शेतीकडे लक्ष द्यावे हा एक हेतू. व्हिएतनामविषयी भारताने केलेली टीका त्यांना झोंबली होती, हेही खरे. कृषिमंत्री सुब्रह्मण्यम यांनी नव्या बियाणांचा मार्ग धरला, त्याला या अपमानाचीही धार होती. धान्य आले, माणसे जगली, पण दुसऱ्याच्या मर्जीवर जेवण्याचे दुःख देशाला कळले. मान जाणे म्हणजे काय हे बाळपणी ज्याने पाहिले, त्याच्याच हातून हे व्हावे!

आणि व्हिएतनाम. जॉन्सन सत्तेवर आले तेव्हा तिथे सुमारे १६,००० अमेरिकन सैनिक होते. १९६८ साली ही संख्या पाच लाखांच्या पुढे गेली. जाहीर भाषणांतून ते ठाम बोलत. देशाला वाटे, राष्ट्राध्यक्षांना आपल्या मार्गाविषयी शंका नाही. फिती मात्र वेगळे सांगतात. २७ मे १९६४ रोजी, म्हणजे मोठ्या प्रमाणावर सैन्य पाठवण्याच्या आधी वर्षभर, जॉन्सन रसेल यांच्याशी आणि सल्लागार बंडी यांच्याशी बोलले. या युद्धातून बाहेर पडण्याची वाट दिसत नाही, हा देश आपल्याला एवढ्या मोलाचा का असावा हेच समजत नाही, असे ते कळवळून बोलतात. आपल्या घरी काम करणाऱ्या एका सार्जंटची आणि त्याच्या सहा मुलांची त्यांना आठवण येते. अशा माणसाला तिकडे कशासाठी धाडायचे, हा प्रश्न त्यांना छळतो. रसेलही काळजीतच होते. दोघांनाही खड्डा दिसत होता. तरी माघार घेतली तर दुबळेपणाचा शिक्का बसेल, विरोधक पदावरून खाली खेचतील, या भीतीने पावले त्याच दिशेने पडत राहिली. मार्च १९६५ मध्ये पहिल्या लढाऊ तुकड्या उतरल्या. या युद्धात ५८,००० हून अधिक अमेरिकन मेले आणि व्हिएतनामी माणसे तर लाखोंनी मेली.

चुकीच्या समजुतीने चूक करणाऱ्याला इतिहास क्षमा करू शकतो. पण संकट दिसत असताना, मनातली शंका चार भिंतींआड बोलून बाहेर निःशंकपणाचा आव आणणाऱ्याला काय म्हणावे? त्या शंका जर जनतेपुढे मोकळेपणाने आल्या असत्या, तर हजारो घरांतले दिवे विझले नसते असे वाटत राहते. ३१ मार्च १९६८ रोजी आपण पुन्हा निवडणूक लढवणार नाही, असे जाहीर करून जॉन्सन बाजूला झाले आणि पुढच्या जानेवारीत आपल्या शेतावर परतले.

२२ मे १९७१ रोजी ऑस्टिन येथे त्यांच्या नावाचे ग्रंथालय उघडले. टेक्सस विद्यापीठाने १९६८ सालीच मौखिक इतिहासाचे काम हाती घेतले होते. मंत्री, सिनेटर, चिटणीस, बाळमित्र अशा शेकडो लोकांकडे जाऊन आठवणी नोंदवण्यात आल्या. कोणी त्यांच्या शिवराळ तोंडाविषयी आणि नोकरमाणसांना रडवण्याविषयी सांगितले, कोणी आजारपणात त्यांनी घेतलेल्या काळजीविषयी. लेडी बर्ड यांनीही त्या दिवसांत रोजच्या घडामोडी टेपवर बोलून ठेवल्या होत्या. फितीत त्या क्षणीचा माणूस सापडतो; आठवणीत तो दुसऱ्याच्या मनात कसा उरला ते कळते. इतिहासाला दोन्ही लागतात.

२२ जानेवारी १९७३ रोजी हृदयविकाराने जॉन्सन यांचा अंत झाला. दुसऱ्याच दिवशी व्हिएतनाममधील युद्धबंदीचा समझोता जाहीर झाला. तो ऐकायला ते उरले नव्हते. त्याच सुमारास त्यांच्या चिटणीसबाईंनी फितींच्या मोहोरबंद पेट्या ग्रंथालयाच्या स्वाधीन केल्या. आपल्या मृत्यूनंतर पन्नास वर्षे त्या उघडू नयेत, अशी जॉन्सन यांची इच्छा होती. त्या हिशेबाने पेट्या २०२३ साली उघडायच्या. पण केनेडी-हत्येची कागदपत्रे खुली करण्याचा कायदा १९९२ साली झाला, फिती जीर्ण होण्याचीही धास्ती होती. ग्रंथालयाचे संचालक हॅरी मिडलटन यांनी लेडी बर्ड यांच्या संमतीने ती अट बाजूला ठेवली आणि १९९३ पासून पेट्या टप्प्याटप्प्याने उघडल्या. रसेल १९७१ सालीच वारले होते. विश्वासाने बोललेले त्यांचे शब्द आज कोणीही ऐकू शकतो. हा त्यांच्यावर अन्याय नव्हे काय? आहेच. पण ज्यांच्या मुलांना त्या युद्धावर धाडले, त्यांना सत्य कळण्याचा हक्क त्याहून मोठा आहे.

पतीच्या कीर्तीला डाग लागेल हे दिसत असूनही लेडी बर्ड यांनी संमती दिली, याचे मला फार अप्रूप वाटते. आणि मोठी नवलाची गोष्ट म्हणजे त्या फितींनी जॉन्सन लहान झाले नाहीत. व्हिएतनामपायी ज्यांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली होती, त्यांनाच कोटुलाच्या उपाशी मुलांना न विसरलेला मास्तर त्या आवाजात पुन्हा भेटला. आणि ज्यांनी त्यांना निव्वळ थोर मानले होते, त्यांना त्यांची भीती ऐकू आली. आपण सारे परीक्षेत एकाच वाक्यात थोर पुरुषांचे मूल्यमापन करून मोकळे होतो. ऑस्टिनच्या त्या पट्ट्यांवरचा माणूस अशा एका वाक्यात मावत नाही.