रोह्यात जन्मलेल्या पांडुरंगशास्त्रींनी सौराष्ट्रातल्या हजारो शेतकऱ्यांना विहिरी भरायला कसं तयार केलं?

कुंडलिका नदीच्या एका काठाला रोहा, दुसऱ्या काठाला अष्टमी. गावं दोन, पण नगरपालिका एकच. इथं वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पाणी वाचवा असं पावसाळ्यात इथं कुणाला सांगितलं तर तो आधी छत्री शोधेल.

पण याच रोह्यात जन्मलेल्या एका माणसाच्या सांगण्यावरून, पाचसहाशे मिलिमीटर पावसाच्या सौराष्ट्रात हजारो शेतकऱ्यांनी आपल्या विहिरींमध्ये पावसाचं पाणी सोडलं. सरकारचा आदेश नव्हता, अनुदान नव्हतं, जाहिरातही नव्हती.

हा माणूस म्हणजे पांडुरंगशास्त्री आठवले, स्वाध्याय परिवाराचे दादा. हवामान बदलाबद्दल लोकांना नेमकं सांगायचं कसं, या प्रश्नावर आज जगभर चर्चा चालू आहे. त्यासाठी दादांचं आयुष्य बघण्यासारखं आहे.

रोह्याची पाठशाळा

पांडुरंगशास्त्रींचा जन्म १९ ऑक्टोबर १९२० चा. वडील वैजनाथशास्त्री संस्कृतचे आणि गीतेचे अभ्यासक. मुलगा बारा वर्षांचा झाला तसं त्याचं शिक्षण रोह्यातच, जुन्या तपोवनांच्या पद्धतीनं सुरू झालं. व्याकरण, न्याय, वेदांत, साहित्य हे सगळं त्यात आलं.

वैजनाथशास्त्रींनी १९२६ मध्ये मुंबईच्या माधवबागेत श्रीमद् भगवद्गीता पाठशाळा सुरू केली होती. १९४२ मध्ये पांडुरंगशास्त्री तिथं प्रवचन द्यायला लागले. दुसरीकडे मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात त्यांचं वाचन चालू होतं. पाश्चात्त्य तत्त्वज्ञान, इतिहास, मार्क्स, विज्ञान, जे हाताला लागेल ते त्यांनी वाचून काढलं.

जपानमधला प्रश्न

१९५४ मध्ये जपानमध्ये जागतिक धर्म परिषद भरली. तिथं पांडुरंगशास्त्री गीतेवर बोलले. स्वाध्याय परिवारात असं सांगतात की, हा विचार प्रत्यक्ष जगणारं एक तरी गाव भारतात आहे का, असा प्रश्न तिथं त्यांना विचारण्यात आला. शास्त्रींकडे उत्तर नव्हतं. अमेरिकेत शिकवायला येण्याचं आमंत्रणही त्यांना मिळालं होतं, पण ते नाकारून ते परत आले.

१९५६ मध्ये त्यांनी ठाण्यात तत्त्वज्ञान विद्यापीठ सुरू केलं. पुढच्या काही वर्षांत त्यांचे मोजके सहकारी सौराष्ट्रातल्या खेड्यांमध्ये जायला लागले. याला नाव मिळालं भक्तिफेरी.

भक्तिफेरीचे नियम साधे आणि कडक होते. गावातल्या कुणाकडे जेवायचं नाही, शिदोरी आपली आपण न्यायची. वर्गणी मागायची नाही. घरोघरी जायचं, बोलायचं आणि परत पुन्हा यायचं.

आता हे ऐकायला किरकोळ वाटतं. पण खेड्यातल्या माणसाच्या दारात येणारा शहरी माणूस बहुतेक वेळा काहीतरी मागायला आलेला असतो. मत, पैसे, सही किंवा अंगठा. काहीच न मागणारा माणूस पुन्हा पुन्हा येतो, तेव्हा आधी संशय येतो आणि मग हळूहळू विश्वास बसतो. दादांच्या पुढच्या सगळ्या कामाचं भांडवल हा विश्वास होता.

विचार एकच, प्रयोग अनेक

दादांची मांडणी थोडक्यात अशी होती. देव प्रत्येक माणसाच्या आत राहतो. म्हणून कुणी हलका नाही आणि कुणी परका नाही. देवानं दिलेलं कौशल्य थोडा वेळ देवासाठी वापरणं हीसुद्धा भक्तीच.

यातून प्रयोग उभे राहिले. योगेश्वर कृषीमध्ये गावानं एक शेत देवाचं म्हणून कसायचं, आणि प्रत्येकानं वर्षातले काही दिवस तिथं पुजारी म्हणून राबायचं. पीक कुणा एकाचं नाही. त्यातून गावातल्या गरजूला मदत, तीही गाजावाजा न करता. मत्स्यगंधामध्ये हेच कोळी बांधवांनी होडीवर केलं.

वृक्षमंदिरात ओसाड जमिनीवर झाडं लावली गेली, आणि आसपासच्या गावांतले स्वाध्यायी पाळीपाळीनं तिथं राहून त्यांची निगा राखायला लागले. रोप जगवणं ही पूजा ठरली. आपल्याकडे वृक्षारोपणाचे फोटो भरपूर निघतात, पण मे महिन्यात रोपाला पाणी घालणारा सापडत नाही. वृक्षमंदिरानं नेमका हाच प्रश्न सोडवला. ज्याची पाळी, त्याची पूजा.

सौराष्ट्रातल्या विहिरी

१९८५ ते १९८७ ही सौराष्ट्रासाठी भीषण दुष्काळाची वर्षं. तिथला खडक महाराष्ट्रासारखाच काळा पत्थर, बेसाल्ट. त्यात पाणी फार साठत नाही. त्यात घराघरात पंप आले. उपसा वाढला, विहिरी आटल्या.

उपाय तसा माहीत होता. शेतात पडलेलं पावसाचं पाणी चर खोदून विहिरीजवळ आणायचं. तिथं एका खड्ड्यात गाळ बसू द्यायचा. वरचं निवळलेलं पाणी पाइपातून विहिरीत सोडायचं. विहिरीतून ते खडकाच्या भेगांमध्ये मुरतं.

पण शेतकरी तयार होत नव्हता, आणि त्याची कारणं खरी होती. एक तर विहिरीत गाळ भरला तर? दुसरं म्हणजे जमिनीखालचं पाणी शेताचा बांध ओळखत नाही. खर्च माझा, मेहनत माझी, आणि पाणी शेजाऱ्याच्या पंपातून निघणार. मग मीच का करू? सगळ्या गावानं केलं तरच फायदा, आणि सुरुवात कुणीच करत नाही.

हवामान बदलाचा पेचसुद्धा अगदी हाच आहे. फक्त तिथं गावाच्या जागी अख्खं जग आहे.

दादांनी हा हिशेबच बदलला. आपण धरणीमातेची तहान भागवली तर ती आपली भागवेल, अशा आशयाची मांडणी त्यांनी केली. शेतातलं पाणी शेतात, गावातलं पाणी गावात हे सूत्र झालं. विहीर भरणं हे देवाचं काम ठरलं, त्यामुळे पाणी शेजाऱ्याला गेलं तरी नुकसान वाटेना. शेजाऱ्याच्या आतही तोच देव होता.

पाणीप्रश्नाचे अभ्यासक तुषार शाह यांनी या चळवळीचा अभ्यास केला. १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात पुनर्भरण झालेल्या विहिरींचा अंदाज ९० हजारांच्या पुढे जातो. जोडीला निर्मल नीर नावाचे शेकडो पाझर तलाव श्रमभक्तीतून उभे राहिले.

पुढे हे लोण स्वाध्यायाबाहेर गेलं. सुरतचे हिरे व्यापारी मथुरभाई सवाणी यांनी सौराष्ट्र जलधारा ट्रस्टमार्फत गावोगावी बंधारे बांधायला लावले. २००० मध्ये गुजरात सरकारनं लोकसहभागातून बंधारे बांधण्याची योजनाच आणली. सुरुवात लोकांनी केली होती, सरकार मागून आलं.

सन्मान आणि प्रश्न

१९९६ मध्ये दादांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, १९९७ मध्ये टेंपलटन आणि १९९९ मध्ये पद्मविभूषण. २५ ऑक्टोबर २००३ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. त्यांचा जन्मदिवस स्वाध्यायी लोक मनुष्य गौरव दिन म्हणून साजरा करतात.

प्रश्नही आहेत. एका व्यक्तीवरच्या श्रद्धेवर उभं राहिलेलं काम त्या व्यक्तीनंतर टिकतं का? दादांच्या शेवटच्या काळात आणि नंतर परिवारात वारशावरून आणि कारभारावरून वाद झाले. शिवाय ज्याला ही धार्मिक भाषा आपली वाटत नाही, त्याच्यापर्यंत हा निरोप कसा पोहोचणार? विहीर भरल्यानं दुष्काळ सोसता येतो, पण कोळसा आणि पेट्रोल जाळणं थांबत नाही. त्यासाठी धोरणच लागतं.

मग यातून घ्यायचं काय?

हवामान बदलाबद्दल आपल्याला रोज काय ऐकायला मिळतं? तापमान इतकं वाढणार, समुद्र इतका चढणार, अमुक साली शहरं बुडणार. माहिती खरी असते, पण ऐकणारा घाबरतो किंवा कंटाळतो, आणि स्क्रोल करून पुढे जातो. कारण त्यानं उद्या सकाळी काय करायचं, हे त्यात नसतं.

दादांच्या पद्धतीत चार गोष्टी होत्या. सांगणारा माणूस विश्वासातला आणि पुन्हा पुन्हा येणारा. काम आपल्या हातानं, आपल्याच शेतात होण्यासारखं. सोबतीला शेजारी. आणि परिणाम पुढच्या उन्हाळ्यात डोळ्यांना दिसणारा. श्रद्धा हा या सगळ्यांना बांधणारा धागा होता. दुसऱ्या समाजात तो धागा गावाचा अभिमान असेल, मुलांचं भविष्य असेल किंवा नदीवरचं प्रेम.

रायगड जिल्ह्याला याची गरज आता जास्त आहे. जुलै २०२१ मध्ये अतिवृष्टीत महाडजवळच्या तळीयेवर दरड कोसळली, जुलै २०२३ मध्ये खालापूरच्या इर्शाळवाडीवर. तापलेल्या हवेत बाष्प जास्त मावतं, त्यामुळे कमी वेळात धो धो पाऊस पडण्याचा धोका वाढतो, असं हवामानशास्त्र सांगतं. तीन हजार मिलिमीटर पावसाच्या कोकणातल्या कितीतरी वाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो, ही गोष्ट वेगळीच.

डोंगरउतारावरचं झाड कुणी जपायचं, ओढा कुणी मोकळा ठेवायचा, पाऊस वाढला की वाडी कुणी आणि कधी रिकामी करायची? ही कामं आकड्यांनी होत नाहीत. ती कुणाची तरी पाळी व्हावी लागतात.