पंडिता रमाबाई आणि आज्ञापालनाचा प्रश्न

पंडिता रमाबाईंच्या (१८५८–१९२२) धर्मांतरावर मराठीत पुष्कळ वाद झाला. परंतु बाप्तिस्म्यानंतर ख्रिस्ती धर्माधिकाऱ्यांशी त्यांचा जो वाद झाला, तो त्यांच्या धर्मनिष्ठेचे स्वरूप जाणण्यास अधिक उपयोगी आहे. ईश्वराची आज्ञा मानणे म्हणजे त्याच्या नावाने बोलणाऱ्या माणसांची आज्ञा मानणे काय, हा तो प्रश्न होय.

या प्रश्नाचे बीज त्यांच्या घरातच होते. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकविले, तेव्हा उडुपीच्या धर्मपंडितांपुढे त्यांना जाब द्यावा लागला. शास्त्रीबोवांनी उत्तर दिले ते शास्त्राधारेच. अधिकाऱ्याचा शब्द ग्रंथाच्या कसोटीवर घासून पाहण्याची रीत कन्येने येथूनच उचलली असावी. १८७४ मध्ये दुष्काळात मातापित्यांचे निधन, १८७८ मध्ये कलकत्त्यात ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या, बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह आणि १८८२ मध्ये वैधव्य, अशी वाटचाल करीत त्या पुण्यास आल्या व पुढील वर्षी इंग्लंडला गेल्या.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी कन्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. तेथील मठातील भगिनी जेराल्डिन या त्यांच्या धर्ममाता. पुढे चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात असताना त्यांनी पुरुषांना शिकवावे की नाही, असा प्रश्न निघाला. हिंदुस्थानातील बिशपांनी प्रतिकूल मत दिले. स्वदेशी पुरुषांच्या सभांतून व्याख्याने दिलेल्या रमाबाईंना हा निर्बंध अनाकलनीय वाटला. त्रैक्याच्या सिद्धान्ताविषयीही त्यांच्या शंका होत्या. भगिनी जेराल्डिन यांना यात अहंकार दिसला. नवदीक्षिताने चर्चच्या वडीलधाऱ्यांपुढे नम्र व्हावे, असा त्यांचा आग्रह होता. रमाबाईंची भूमिका निराळी होती. पुरोहितांच्या सत्तेतून मोठ्या कष्टाने सुटल्यावर दुसऱ्या पुरोहितवर्गाच्या हाती विवेक सोपविणे त्यांना मान्य नव्हते. बायबल आणि सदसद्विवेक यांच्याद्वारे प्रकट होणारी ईश्वराची आज्ञाच त्यांना बंधनकारक होती.

स्वदेशी परतल्यावर हीच वृत्ती दोन्ही बाजूंना जाचली. १८८९ मध्ये मुंबईत स्थापिलेल्या शारदा सदनात धर्मप्रसार न करण्याचे धोरण होते. म्हणून काही ख्रिस्ती मंडळी रुष्ट होती. सदन पुण्यास आल्यावर मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसू लागल्या आणि १८९३ मध्ये रानडे, भांडारकर आदींनी सल्लागार मंडळ सोडले. १८९७ च्या प्लेगमध्ये सरकारी व्यवस्थेत स्त्रियांची होणारी विटंबना त्यांनी वृत्तपत्रातून जाहीर केली. राज्यकर्त्यांचा धर्म आपला आहे, एवढ्याने त्या गप्प राहिल्या नाहीत.

केडगावच्या मुक्ती सदनात त्या स्वतःच अधिकारस्थानी होत्या, हे विसरता येत नाही. तेथील शिस्तीत आश्रित मुलींच्या विवेकाला कितपत मोकळीक होती, हा प्रश्न रमाबाईंच्याच मापाने विचारावा लागतो. त्याचे अंशतः उत्तर त्यांच्या अखेरच्या कार्यात सापडते. हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी बायबलचे मराठी भाषांतर केले आणि एवढ्या मोठ्या संस्कृत पंडितेने त्यासाठी साधी, बोलीजवळची भाषा निवडली. आज्ञा पाळावयाची, तर ती मूळ ग्रंथातून स्वतः वाचता आली पाहिजे, हा त्यामागील विचार दिसतो.

ज्या जेराल्डिनबाईंनी रमाबाईंवर अवज्ञेचा ठपका ठेवला, त्यांनीच हा पत्रव्यवहार जपून ठेवला. १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली तो प्रसिद्ध झाला, म्हणून या वादातील दोन्ही पक्ष आज आपल्यापुढे आहेत.