झाडावर बसून नरभक्षकांची वाट बघणारा जिम कॉर्बेट शेवटी आफ्रिकेतल्या झाडावर कसा पोहोचला?

5 फेब्रुवारी 1952 ची रात्र. केनियातलं ॲबर्डेअरचं जंगल. वड-उंबराच्या कुळातलं एक अवाढव्य झाड, त्याच्या फांद्यांवर बांधलेलं लाकडी घर आणि खाली पाणवठा. पाणवठ्याच्या काठाला खारी माती आहे, ती चाटायला रात्रभर गेंडे येऊन जातायत. आणि घराच्या शिडीच्या वरच्या टोकाशी 76 वर्षांचा एक म्हातारा रायफल घेऊन जागा बसलाय.

आत झोपलेली पाहुणी 25 वर्षांची आहे. इंग्लंडची राजकुमारी एलिझाबेथ. सोबत नवरा फिलिप.

म्हातारा म्हणजे जिम कॉर्बेट. होय, तोच. ज्याच्या नावाने उत्तराखंडात नॅशनल पार्क आहे आणि ज्याची नरभक्षक वाघांची पुस्तकं आपल्याकडे मराठीतही वाचली जातात, तो.

आता प्रश्न असा की नैनितालचा हा माणूस केनियात काय करत होता? त्यासाठी जरा मागे जायला लागतं.

25 जुलै 1875 ला नैनितालमध्ये जिमचा जन्म झाला. वडील तिथले पोस्टमास्तर. 1881 साली वडील गेले तेव्हा जिम सहा वर्षांचाही नव्हता. घरात पोरांची रांग, पैसा बेताचा. उन्हाळ्यात नैनिताल आणि हिवाळ्यात खाली तराईतलं काळाढुंगी अशी या कुटुंबाची दोन घरं. काळाढुंगीच्या जंगलात जिम लहानपणापासून एकटा हिंडायचा. पाखरांचे आणि जनावरांचे आवाज त्याला हुबेहूब काढता यायचे.

नागझिरा, ताडोबाला गेलेल्यांना ‘कॉल’ माहीत असतो. फुलचूर-गोंदियातून पहाटेच्या अंधारात गाडी काढायची, चोरखमारा नाहीतर पिटेझरी गेट गाठायचं आणि जिप्सीत बसून कान लावायचे. चितळ ओरडलं की गाइड गाडी थांबवतो. वानर खाकरलं की सगळे श्वास रोखतात. आज सफारीत गाइड जे वाचून दाखवतो, ते कॉर्बेट लहान वयातच शिकला होता, तेही पायी फिरून.

पण पोट भरायला जंगल पुरेसं नव्हतं. विशीच्या आतच तो रेल्वेत चिकटला. आधी इंधनाच्या लाकडावर देखरेख, मग बिहारमधल्या मोकामा घाटावर माल चढवण्या-उतरवण्याचं कंत्राट. गंगेच्या एका बाजूला ब्रॉडगेज, दुसऱ्या बाजूला मीटरगेज. म्हणजे एका गाडीतला सगळा माल उतरवून दुसऱ्या गाडीत भरायचा, तोही डोक्या-खांद्यावर वाहून. हे काम त्याने वीसेक वर्षं केलं. मजुरांच्या बरोबरीने राहिला, त्यांच्यासाठी शाळा काढली. वाघांचा जिम सगळ्यांना माहीत आहे, पण त्याच्या आयुष्यातली सगळ्यात लांब नोकरी ही हमालीच्या धक्क्यावरची होती.

1907 साली चंपावतच्या वाघिणीसाठी त्याला बोलावणं आलं. तिच्या नावावर आधी नेपाळात आणि मग कुमाऊंमध्ये मिळून 436 माणसं मारल्याची नोंद होती. गवत कापायला, लाकडं आणायला गेलेल्या बाया परत येत नव्हत्या. गावं दारं लावून बसली होती. आपल्याकडे विदर्भात मोहफुलं आणि तेंदूपत्त्याच्या दिवसांत जंगलाशेजारच्या गावांत जी भीती पसरते, ती ज्यांनी पाहिलीय त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

कॉर्बेटने वाघिणीला मारलं आणि मग तिचा जबडा बघितला. उजव्या बाजूचे सुळे मोडलेले होते, एक अर्धा आणि एक पार हाडापर्यंत. कुणाच्या तरी गोळीची जुनी जखम. नेहमीची शिकार पकडणं तिला जमत नव्हतं म्हणून ती माणसांवर वळली होती. पुढे मारलेल्या अनेक नरभक्षकांच्या बाबतीत त्याला हेच दिसलं. कुठे गोळीची जखम, कुठे साळिंदराचे काटे पायात रुतून सडलेले.

त्याच्या अटी ठरलेल्या असायच्या. सरकारने लावलेलं बक्षीस आधी रद्द करायचं आणि बाकीच्या शिकाऱ्यांना जंगलातून काढायचं. बक्षिसाच्या आशेने आलेला माणूस दिसेल त्या वाघावर गोळी झाडतो, आणि जखमी होऊन सुटलेला वाघ म्हणजे उद्याचा नवा नरभक्षक. हिशेब साधा होता.

सगळ्यात जास्त गाजलं ते रुद्रप्रयागच्या बिबट्याचं प्रकरण. 1918 ते 1926 अशी आठ वर्षं या बिबट्याने केदारनाथ-बद्रीनाथच्या यात्रेच्या वाटेवर दहशत माजवली. सरकारी नोंदीत 125 बळी. शेवटी कॉर्बेट गुलाबराई इथल्या आंब्याच्या झाडावर रात्रीमागून रात्र बसून राहिला. अंधार, खाली आमिषाला बांधलेली बकरी आणि हातात बंदूक. मे 1926 मध्ये त्याच झाडावरून त्याने बिबट्याला टिपलं.

पण याच सुमारास त्याच्या हातात दुसरी एक वस्तू आली. कॅमेरा.

फ्रेडरिक चॅम्पियन नावाचा एक वन अधिकारी होता. तारेला पाय लागला की आपोआप फोटो निघेल अशी व्यवस्था करून त्याने रानातल्या वाघांचे रात्रीचे फोटो काढले. आजच्या कॅमेरा ट्रॅपचा हा आजोबाच म्हणायचा. त्याचं पाहून कॉर्बेटला वेड लागलं. त्याने फिल्म काढायचा कॅमेरा घेतला. अडचण एकच, कॅमेऱ्याची घरघर. वाघ लगेच बिचकायचा. कॉर्बेटने मग एका ओढ्यावर छोटे छोटे बांध घातले. पाणी वरून पडायला लागलं आणि त्या आवाजात कॅमेऱ्याचा आवाज बुडाला. ही जुगाडबुद्धी पुढे कामाला आली आणि एकाच ठिकाणी सात वाघ त्याला फिल्मवर पकडता आले.

1936 साली हेली नॅशनल पार्क झालं. भारतातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान. त्याच्या सीमा ठरवण्यात कॉर्बेटचा हात होता. ज्या काळात महाराजे आणि लाटसाहेब वाघांवर पाय ठेवून फोटो काढत होते, त्या काळात वाघ संपत चाललाय असं तो सभांतून, शाळांतून सांगत फिरत होता. अर्थात तो स्वतःही तरुणपणी हौसेने शिकार करणाराच होता. लाटसाहेबांच्या शिकारी आखून द्यायलाही त्याने मदत केली होती. त्याला एकदम संत करायची गरज नाही. आणि नरभक्षकाची वेळ आली की तो बंदूक उचलायचाच. ठाकची वाघीण त्याने 1938 मध्ये मारली. ती त्याची शेवटची नरभक्षक, तेव्हा त्याचं वय होतं 63.

आता त्याच्या आयुष्यातला आपल्या बाजूचा भाग. 1944 साली दुसरं महायुद्ध चालू होतं आणि ब्रह्मदेशच्या जंगलात जपान्यांशी गाठ होती. जंगलात कसं जगायचं हे सैनिकांना शिकवायला माणूस हवा होता. वय वर्षं 68, लेफ्टनंट कर्नलचा हुद्दा आणि कामाचं ठिकाण छिंदवाडा. तेव्हा छिंदवाडा, नागपूर आणि गोंदिया ज्या भंडारा जिल्ह्यात होतं तो जिल्हा, सगळं एकाच मध्य प्रांतात होतं. सातपुड्याच्या सागवानात हा म्हातारा तरुण पोरांना मागावर चालायला आणि आवाजावरून दिशा ओळखायला शिकवत होता. मलेरियाने त्याला तिथून पार खचवून परत पाठवलं.

त्याच वर्षी मुंबईतून ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं’ छापलं. पुस्तकाचे पहिले पैसे युद्धात डोळे गमावलेल्या भारतीय सैनिकांच्या संस्थेला गेले. पुस्तक जगभर लाखोंनी खपलं. एकोणसत्तराव्या वर्षी माणूस प्रसिद्ध झाला.

आणि तीनच वर्षांत त्याने भारत सोडला.

हा त्याच्या आयुष्यातला सगळ्यात अवघड भाग आहे. कॉर्बेट इथेच जन्मला, इथेच वाढला. कुमाऊंनी बोलायचा, गावचे लोक त्याला ‘कार्पेट साहेब’ म्हणायचे. काळाढुंगीजवळची छोटी हल्द्वानी त्याने विकत घेऊन वसवली होती, जनावरांपासून पिकं वाचवायला गावाभोवती दगडी भिंत बांधली होती. पण स्वातंत्र्य आल्यावर आपल्यासारख्या इथल्या गोऱ्यांचं काय होणार, ही भीती त्याला आणि बहीण मॅगीला होती. दोघांचीही लग्नं झालेली नव्हती. एकमेकांशिवाय जवळचं असं फार कुणी नव्हतं. इंग्लंड त्यांच्यासाठी परकंच होतं. नोव्हेंबर 1947 मध्ये नैनितालचं घर विकून भाऊ-बहीण मुंबईला आले आणि मोम्बासाच्या जहाजात बसले. ज्या लोकांवर त्याने जन्मभर जीव लावला, ते स्वतंत्र झाल्यावर त्याला त्यांच्यातच राहायचा धीर झाला नाही. त्याच्याबद्दलचा हा एक मुद्दा त्याच्या चाहत्यांनाही नीट पचत नाही.

आफ्रिका त्याला नवी नव्हती. कुमाऊंचा कमिशनर पर्सी विंडहॅम याच्यासोबत त्याने 1920 च्या दशकात टांगानिकात, म्हणजे आजच्या टांझानियात, किलीमांजारोच्या पायथ्याशी कॉफीचा मळा घेतला होता. तिकडे त्याच्या वाऱ्या व्हायच्या. आता मात्र मुक्काम कायमचा होता. केनियातल्या न्येरी गावात आउटस्पॅन हॉटेलच्या आवारात एक कॉटेज होतं, ‘पॅक्सटू’. स्काउट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी आपले शेवटचे दिवस तिथे काढले होते. तेच घर जिम आणि मॅगीला मिळालं.

सफारी हा शब्द स्वाहिली आहे, अर्थ प्रवास. मूळ अरबी ‘सफर’, जी मराठीतही आहेच. (आपल्याकडे मात्र बरीच वर्षं सफारी म्हटलं की लग्नात मामाने शिवलेला सूट आठवायचा.) आफ्रिकेत गोऱ्यांची सफारी म्हणजे आधी शिकार. तंबू, हमाल, बंदुका, महिना-महिना पायपीट. कॉर्बेट पोहोचला तेव्हा हे बदलायला लागलं होतं. 1946 ला नैरोबी नॅशनल पार्क झालं, 1948 ला त्सावो. लोक बघायला आणि फोटो काढायला येऊ लागले होते.

कुमाऊंतून गेलेल्या माणसाला इथे सगळंच उलटं वाटावं असं होतं. आपल्या जंगलात झाडोरा दाट, दोन तास फिरून वाघाचं शेपूट दिसलं तरी दिवस सार्थकी. तिकडे उघडं माळरान, नजर जाईल तिथपर्यंत झेब्रे आणि हरणं, सिंहांचा कळप भर उन्हात पसरलेला. कॉर्बेटने तिथेही कॅमेरा धरला. सत्तरी ओलांडलेल्या, मलेरियाने पोखरलेल्या माणसाला ते झेपणारं काम होतं.

न्येरीपासून जवळच्या जंगलात आउटस्पॅनच्या मालकांनी, शेरब्रुक वॉकर आणि त्यांच्या बायकोने, 1932 मध्ये ‘ट्रीटॉप्स’ सुरू केलं होतं. आधी झाडावर दोनच खोल्या, मग वाढत गेल्या. पाहुण्यांनी संध्याकाळच्या आत वर चढायचं आणि सकाळपर्यंत खाली उतरायचं नाही. बोलायचं ते कुजबुजून. वाटेतल्या झाडांनाही पायऱ्या ठोकलेल्या, म्हणजे हत्ती अंगावर आला तर पटकन वर चढता यावं. कॉर्बेट तिथे पाहुण्यांसोबत जायचा.

त्या दिवशी दुपारी राजकुमारी आली तेव्हा हत्तींचा मोठा कळप नेमका झाडापाशीच होता. परत फिरायचा पर्याय होता, पण ती चालत आली. हत्तींपासून काही पावलांवरून शिडी गाठली, वर चढली आणि पहिलं काम केलं ते कॅमेरा काढून हत्तींची फिल्म घ्यायचं. चहा समोर तसाच. मग दोन वॉटरबक नरांची झुंज लागली, त्यात एक मेला. रात्री गेंडे आले. पहाटे ती पुन्हा कॅमेरा घेऊन हजर. आज कुणी मसाईमारात जाऊन येतं आणि ग्रुपवर दोनशे फोटो टाकतं, तसलीच ही हौस होती.

इकडे कॉर्बेट शिडीशी बसून होता. रुद्रप्रयागच्या आंब्यावर बसला तेव्हा बिबट्याला मारायचं होतं. इथे त्याचं काम एवढंच की बिबट्या वर चढून येऊ नये आणि कुणाची झोप मोडू नये.

त्याच रात्री इंग्लंडमध्ये राजे सहावे जॉर्ज झोपेतच वारले. जंगलात बातमी पोहोचलीच नाही. सकाळी खुशीत खाली उतरलेल्या एलिझाबेथला आपण राणी झालोय हे माहीत नव्हतं, तिला ते काही तासांनी सगाना लॉजवर कळलं. राजकुमारी म्हणून झाडावर चढलेली मुलगी राणी होऊन उतरली, अशा अर्थाची कॉर्बेटने ट्रीटॉप्सच्या वहीत केलेली नोंद पुढे जगभर गाजली.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केनियात आणीबाणी लागली. न्येरी हा किकुयू लोकांचा मुलूख. गोऱ्यांनी घेतलेल्या जमिनींवरून माऊ माऊचा उठाव पेटला होता आणि ॲबर्डेअरचं जंगल बंडखोरांचा आसरा झालं होतं. एका वसाहतीतून निघालेला कॉर्बेट दुसऱ्या वसाहतीच्या शेवटात येऊन पडला होता. गंमत म्हणजे तेव्हा नैरोबीत भारताचे आयुक्त होते आपल्या औंधचे आप्पासाहेब पंत, आणि आफ्रिकी लोकांच्या बाजूने उभे राहतात म्हणून इंग्रज त्यांच्यावर खार खाऊन होते. 27 मे 1954 ला बंडखोरांनी ट्रीटॉप्स जाळलं. झाडासकट.

कॉर्बेट तेव्हा 78 वर्षांचा होता. त्या एका रात्रीवर त्याने छोटं पुस्तक लिहिलं. ते छापून यायच्या आधीच 19 एप्रिल 1955 ला न्येरीत हृदयविकाराने तो गेला. छोटी हल्द्वानीच्या कुळांचा शेतसारा तो केनियात गेल्यावरही शेवटपर्यंत भरत होता. 1957 मध्ये भारताने त्या जुन्या हेली पार्कला त्याचं नाव दिलं आणि 1 एप्रिल 1973 ला व्याघ्र प्रकल्प तिथूनच सुरू झाला. मॅगी 1963 मध्ये गेली. न्येरीच्या सेंट पीटर्स चर्चच्या आवारात जिमची कबर आहे, बेडन-पॉवेलही तिथेच.

ट्रीटॉप्स 1957 मध्ये पाणवठ्याच्या समोरच्या बाजूला पुन्हा बांधलं. 1983 साली राणी एलिझाबेथ तिथे परत आली. पाणवठा तोच होता.