फिन्स घेण्याआधी बेंजामिन फ्रँकलिनला भेटा

स्कूबासाठी फिन्स बघायला ऑनलाइन गेलात की डोकं चक्रावतं. फुल-फूट, ओपन-हील, स्प्लिट, कडक पातं, मऊ पातं... आणि ज्या पेजवर जावं तिथली फिन सगळ्यात वेगवान! मी इंजिनिअर असल्यामुळे असेल, पण ‘कुठली घेऊ’च्या आधी ‘ही वस्तू चालते कशी’ हे कळलं की मला बरं वाटतं. ते शोधत मागे मागे गेलो आणि पोचलो थेट अठराव्या शतकातल्या बोस्टनमध्ये, दहाव्या वर्षी शाळा सुटलेल्या एका पोराजवळ. बेंजामिन फ्रँकलिन. हो, तोच. शंभर डॉलरच्या नोटेवरचा, विजेच्या पतंगवाला.

बेनचा जन्म १७ जानेवारी १७०६ चा. वडील साबण आणि मेणबत्त्या बनवायचे. एकूण १७ भावंडं, त्यात हा मुलग्यांमधला शेंडेफळ. वडिलांच्या धंद्यात त्याला अजिबात रस नव्हता. त्याला समुद्रावर जायचं होतं. पण थोरला भाऊ असाच जहाजावर निघून गेला होता, त्यामुळे वडिलांनी साफ नकार दिला. मग उरलं काय, तर पोहणं आणि होड्या वल्हवणं. दोन्हीत तो लहानपणीच तयार झाला.

आणि मग त्याने पोहण्याचा वेग वाढवायचं मनावर घेतलं. चित्रकार रंग कालवायला वापरतात ना, तशा दोन अंडाकृती फळ्या केल्या. सुमारे १० इंच लांब, ६ इंच रुंद, अंगठा अडकवायला एक भोक. हात पुढे नेताना फळीची कड पाण्यात घालायची आणि मागे ओढताना सपाट बाजूने पाणी रेटायचं. वेग वाढला, पण मनगटं भरून आली. मग त्याने पायांच्या तळव्यांना सँडलसारखं काहीतरी बांधलं. ते मात्र त्याला पटलं नाही. का, तेही त्याने नेमकं पकडलं: पोहताना पाणी नुसता तळवा ढकलत नाही, पावलाची आतली बाजू आणि घोटाही ढकलतो.

मला हे भारी वाटतं. फिन निवडताना आजही हेच दोन प्रश्न असतात. पाणी पायाचा नेमका कुठला भाग ढकलतोय? आणि त्याची किंमत कुठला सांधा किंवा स्नायू मोजतोय?

त्या काळी युरोपीय लोक बहुतेक बेडकासारखे पाय मारत पोहायचे, म्हणजे आजच्या ब्रेस्टस्ट्रोकसारखे. त्यात नुसता तळवा रुंद करून फारसं काही हाती लागत नाही. पाय सरळ ठेवून कंबरेपासून वरखाली हलवला, तर मात्र अख्खं पाऊलच पातं होतं आणि ते बोटांच्या पुढे लांबवता येतं. फ्रेंच नौदल अधिकारी लुई द कॉर्लिय याने १९३३ मध्ये पायात घालायच्या अशा पात्यांचं पेटंट घेतलं. पुढे अमेरिकेत ओवेन चर्चिलने रबरी फिन्स विकायला आणल्या आणि दुसऱ्या महायुद्धात नौदलाचे पाणबुडे त्या वापरू लागले.

आता तुमच्या फिन्स. पातं जितकं कडक आणि मोठं, तितका एका किकमागे रेटा जास्त, पण तितकाच पोटरी आणि घोट्यावर ताणही जास्त. बेनच्या मनगटांचं जे झालं ते तुमच्या पोटरीचं होतं, म्हणजे गोळा येतो. शिवाय पाय थकले की श्वास वाढतो आणि टाकीतली हवा भराभर संपते. जमिनीवर दम लागला तर बसता येतं, १५ मीटर खाली ती सोय नाही. म्हणून नवख्याने मध्यम लवचिक पातं घ्यावं, असं माझं मत आहे. स्प्लिट फिन घोट्याला हलकी जाते, पण बेडूक-किक मारायची असेल तर ती तितकी कामाची नाही. आणि तळाशी गाळ असेल तर बेडूक-किकच बरी, कारण वरखाली पाय मारून तुम्ही गाळ उडवता आणि मागच्याला काही दिसत नाही. फ्रीडायव्हिंगच्या लांबलचक फिन्स फोटोत मस्त दिसतात. स्कूबासाठी त्यांच्या नादी लागू नका.

मालवण किंवा गोव्यासारख्या कोमट पाण्यात बोटीवरून उतरणार असाल तर अनवाणी घालायची फुल-फूट पुरते. खडकांवरून चालत पाण्यात जायचं असेल किंवा पाणी थंड असेल, तर बूट आणि पट्ट्याची ओपन-हील. तिचं माप बूट घालूनच बघा. बोटं हलली पाहिजेत, टाच उचलली जाता कामा नये. फुल-फूटलाही हाच नियम.

बेनकडे परत येऊ. बाराव्या वर्षी तो भावाच्या छापखान्यात शिकाऊ म्हणून लागला, सतराव्या वर्षी तिथून पळून फिलाडेल्फियाला गेला आणि पुढच्याच वर्षी लंडनच्या छापखान्यात. तिथे त्याने दोघा मित्रांना पोहायला शिकवलं. (आपल्याकडे विहिरीत पाठीला डबा बांधून शिकवतात, त्याची पद्धत काय होती देव जाणे.) एकदा चेल्सीहून होडीने परतताना मित्रांच्या आग्रहावरून त्याने थेम्समध्ये उडी मारली आणि पार ब्लॅकफ्रायर्सपर्यंत पोहत आला, वाटेत पाण्यावर आणि पाण्याखाली कसरती करत. ही गोष्ट पसरली. एका बड्या सरदाराने, सर विल्यम विंडहॅमने, आपल्या मुलांना पोहायला शिकवशील का, असं विचारलं. लंडनमध्ये राहून पोहण्याची शाळा काढावी, चांगले पैसे मिळतील, असं त्याच्याही मनात आलं. पण परतीचं जहाज ठरलेलं होतं. जुलै १७२६ मध्ये, विसाव्या वर्षी, तो निघाला.

पुढचं तुम्हाला शाळेत थोडंफार शिकवलंय. वीजरोधक, बायफोकल चष्मा, १७७६ च्या जाहीरनाम्यावर सही, फ्रान्समधली वकिली. पाण्याचा नाद मात्र सुटला नाही. अटलांटिकमधल्या गल्फ स्ट्रीम या प्रवाहाचा नकाशा त्याने छापून घेतला. फळ्या आणि सँडलचा प्रयोगही आपल्याला कळतो तो त्याने पुढे कितीतरी वर्षांनी एका फ्रेंच मित्राला लिहिलेल्या पत्रातून. त्याच पत्रात आणखी एक किस्सा आहे: लहानपणी पतंगाची काठी हातात धरून तो तळ्यात उताणा पडला, आणि वाऱ्याने त्याला ओढत पलीकडे नेलं. कपडे घेऊन मित्र काठाकाठाने चालत आला.

त्याच्या शेगडीसाठी राज्यपालाने पेटंट देऊ केलं होतं, ते त्याने नाकारलं. फळ्यांसाठी तर कुणी विचारलंच नाही. १७ एप्रिल १७९० ला, ८४ व्या वर्षी, तो फिलाडेल्फियात वारला. १९६८ मध्ये आंतरराष्ट्रीय स्विमिंग हॉल ऑफ फेमने त्याचं नाव आपल्या यादीत घातलं.