आर्चिबाल्ड थॉर्बर्न

आर्चिबाल्ड थॉर्बर्न (३१ मे, १८६० – ९ ऑक्टोबर, १९३५) हे स्कॉटलंडमध्ये जन्मलेले एक विख्यात पक्षिचित्रकार होते. उत्तर ब्रिटनमधील डोंगराळ माळ, बर्फाच्छादित उतार आणि तेथील पशुपक्षी हे त्यांच्या जलरंगचित्रांचे प्रमुख विषय होत. लॉर्ड लिलफर्ड यांच्या ग्रंथासाठी काढलेल्या २६८ चित्रांमुळे त्यांची कीर्ती प्रस्थापित झाली. ब्रिटनमधील पक्षिसंरक्षण संस्थेसाठी १८९९ ते १९३५ या काळात त्यांनी नाताळच्या १९ शुभेच्छापत्रांची चित्रे काढली. त्यांच्या चित्रांचे मोठे ग्राहक शिकारी वर्गातील होते आणि ही छोटी पत्रे मात्र पक्ष्यांच्या रक्षणासाठी निघत असत. थॉर्बर्न यांचे जीवन समजून घेताना ही दुहेरी बाजू ध्यानात ठेवावी लागते.

== बालपण आणि शिक्षण ==

थॉर्बर्न यांचा जन्म एडिंबरा शहराजवळील लासवेड या गावी झाला. त्यांचे वडील रॉबर्ट थॉर्बर्न (१८१८–१८८५) हे व्हिक्टोरिया राणीच्या दरबारात मान्यता पावलेले लघुचित्रकार होते. हस्तिदंताच्या पातळ चकतीवर व्यक्तीचा चेहरा रेखाटण्याची ती कला. छायाचित्रणाचा प्रसार होताच तिची मागणी ओसरली आणि रॉबर्ट यांना अन्य माध्यमांकडे वळावे लागले. पाचवा मुलगा आर्चिबाल्ड याला त्यांनीच रेखाटनाचे पहिले धडे दिले. शरीररचनेबाबत ते फार काटेकोर होते. मुलाच्या चित्रात चूक आढळली तर कागद फाडून ते चित्र नव्याने काढण्यास लावीत, असे सांगितले जाते. केसाएवढ्या कुंचल्याने गालावरील छटा उमटविणाऱ्या या पित्याचा हात मुलाच्या चित्रांतील पिसापिसांत दिसतो, असे म्हणण्यास हरकत नाही.

शालेय शिक्षण डॅल्कीथ आणि एडिंबरा येथे झाल्यावर ते लंडनच्या सेंट जॉन्स वुड येथील कलाशाळेत दाखल झाले. तेथे ते फार काळ राहिले नाहीत. वयाच्या विसाव्या वर्षी, १८८० मध्ये, त्यांची चित्रे रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनात लागली. वडिलांच्या निधनानंतर त्यांनी मार्गदर्शनासाठी जोसेफ वुल्फ (१८२०–१८९९) यांच्याकडे धाव घेतली. मूळचे जर्मन असलेले वुल्फ त्या वेळी प्राणिचित्रकारांत अग्रगण्य होते. पेंढा भरलेल्या कातड्यावरून पक्षी रंगविण्याची रीत तेव्हा सर्रास होती. वुल्फ मात्र जिवंत पक्षी त्याच्या वसतिस्थानात पाहण्यावर भर देत. हा आग्रह थॉर्बर्न यांनी आयुष्यभर पाळला.

== लॉर्ड लिलफर्ड यांचा ग्रंथ ==

ब्रिटिश पक्षिशास्त्रज्ञ संघाचे अध्यक्ष लॉर्ड लिलफर्ड यांनी १८८५ पासून ब्रिटिश बेटांवरील पक्ष्यांचा सचित्र ग्रंथ भागशः प्रकाशित करण्यास प्रारंभ केला होता. आरंभी यातील चित्रे डच चित्रकार क्यूलेमान्स काढीत असत. पण ते आजारी पडल्याने १८८७ मध्ये हे काम थॉर्बर्न यांच्याकडे आले. त्यापूर्वी स्वेझलंड यांच्या परिचित रानपक्ष्यांवरील पुस्तकासाठी त्यांनी शंभराहून अधिक चित्रे काढली होती, तरी एवढ्या मोठ्या कामाचा अनुभव त्यांना नव्हता. लिलफर्ड संधिवाताने जर्जर झाले होते आणि बहुधा चाकांच्या खुर्चीत बसून असत. नॉर्थॅम्प्टनशायरमधील आपल्या वाड्याभोवती त्यांनी नाना जातींचे पक्षी पाळले होते. थॉर्बर्न यांना जिवंत नमुने तेथेच पाहावयास मिळाले. बर्लिन येथील छापखान्यात रंगीत शिळाछाप पद्धतीने छापलेली ही चित्रे इतकी लोकप्रिय झाली, की ग्रंथाचे वर्गणीदार वाढले. लिलफर्ड १८९६ मध्ये निवर्तले आणि १८९८ मध्ये ग्रंथ पूर्ण झाला.

== उत्तरेचे पशुपक्षी ==

थॉर्बर्न इंग्लंडमध्ये स्थायिक झाले असले, तरी चित्रांची शिदोरी ते स्कॉटलंडमधूनच आणीत. इन्व्हर्नेसशायरमधील किंगुसीजवळचे गेक हे त्यांचे सर्वांत आवडते ठिकाण होते. नावाने अरण्य असले तरी हा भाग प्रत्यक्षात उघडाबोडका डोंगराळ मुलूख आहे. झाडी जवळजवळ नाही, हेदर या जांभळ्या फुलांच्या झुडपांचे पट्टे, ओढे आणि उंचावर खडकाळ उतार असे त्याचे स्वरूप. तेथे ते नियमित जात, तासन्‌तास बसून वह्या भरीत आणि घरी परतल्यावर त्या रेखाटनांवरून मोठी चित्रे सिद्ध करीत.

लाल ग्राउझ, काळा ग्राउझ, सुवर्णगरुड, तांबडे हरीण हे त्यांचे नेहमीचे विषय. कॅपरकेली हा रानकोंबड्याच्या कुळातील थोराड पक्षी स्कॉटलंडमधून अठराव्या शतकात नामशेष झाला होता. १८३७ च्या सुमारास स्वीडनहून आणून तो पुन्हा वसविण्यात आला. थॉर्बर्न यांनी रंगविलेले कॅपरकेली त्या नव्या वसाहतीचे वंशज होत.

त्यांच्या कौशल्याची खरी कसोटी हिवाळी चित्रांत लागली. टार्मिगन हा डोंगरमाथ्यावर राहणारा पक्षी उन्हाळ्यात दगडगोट्यांसारखा करडा-ठिपकेदार असतो आणि हिवाळ्यात शुभ्र होतो. त्याच्या पायांच्या बोटांवरही दाट पिसे असतात. डोंगरी ससाही असाच रंग पालटतो. स्टोट हा मुंगसासारखा लहान शिकारी प्राणी पांढरा झाला तरी त्याच्या शेपटीचे टोक काळेच राहते. पांढऱ्या बर्फावर पांढरा प्राणी रंगवायचा, म्हणजे आकार दाखवायचा कशाने? थॉर्बर्न यांनी तो दाखविला सावलीने. त्यांच्या बर्फात निळसर, जांभळट, कधी संध्याकाळच्या उन्हाची फिकट गुलाबी झाक असते आणि त्या पार्श्वभूमीवर पक्ष्याचा ऊबदार पांढरा रंग वेगळा उठून दिसतो. पातळ जलरंगांवर ते अपारदर्शक पांढऱ्या रंगाचे मोजके हात देत. पुष्कळदा कागदच करड्या रंगाचा घेत. वाऱ्याने विस्कटलेले एखादे पीस किंवा बर्फातील पावलांचे ठसे अशा बारकाव्यांमुळे पाहणाऱ्यास थंडीची जाणीव होते.

== शिकार आणि शुभेच्छापत्रे ==

त्या काळी ब्रिटनमध्ये ग्राउझची शिकार हा धनिकांचा वार्षिक सोहळा होता. १२ ऑगस्टला हंगाम सुरू होई आणि सरदार, जमीनदार, उद्योगपती स्कॉटलंडची वाट धरीत. याच मंडळींच्या दिवाणखान्यांत थॉर्बर्न यांच्या चित्रांना मानाचे स्थान होते. ते स्वतःही तरुणपणी बंदूक चालवीत. शतक पालटण्याच्या सुमारास एका जखमी सशाचा आक्रोश त्यांच्या कानी पडला आणि त्यानंतर त्यांनी बंदूक कायमची खाली ठेवली, असे त्यांच्या चरित्रकारांनी नमूद केले आहे. शिकाऱ्यांसाठी चित्रे काढणे मात्र त्यांनी थांबविले नाही. उदरनिर्वाहाचे ते मुख्य साधन होते.

दुसरीकडे पक्षिसंरक्षणाची चळवळ मूळ धरीत होती. स्त्रियांच्या टोप्यांवर पिसे, पंख, प्रसंगी अख्खा पक्षी खोवण्याची फॅशन तेव्हा शिगेला पोहोचली होती आणि लंडन ही पिसांच्या लिलावाची मोठी पेठ होती. विणीच्या हंगामात बगळ्यांच्या पाठीवर येणाऱ्या तलम तुऱ्यांसाठी त्यांची घरट्यांवरच हत्या होई आणि पिल्ले उपासमारीने मरत. या व्यापारात भारतातील बगळेही बळी पडत; भारतातून अशा पिसांच्या निर्यातीवर १९०२ मध्ये बंदी आली. या क्रौर्याविरुद्ध १८८९ मध्ये मँचेस्टरजवळील डिड्सबरी येथे एमिली विल्यमसन यांनी स्त्रियांची संस्था स्थापन केली. क्रॉयडन येथील एलायझा फिलिप्स यांचा गट लवकरच तिला येऊन मिळाला. या संस्थेला १९०४ मध्ये राजाची सनद मिळाली. हीच पुढे रॉयल सोसायटी फॉर द प्रोटेक्शन ऑफ बर्ड्‌स म्हणून जगभर ओळखली गेली.

या संस्थेसाठी १८९९ मध्ये थॉर्बर्न यांनी नाताळच्या शुभेच्छापत्राचे पहिले चित्र काढले. इंग्लंडमध्ये छापील शुभेच्छापत्रांची चाल १८४३ पासून होती आणि त्यांवर रॉबिन पक्षी हटकून असे. परंतु तो बहुधा शोभेपुरता, कित्येकदा टोपी घातलेला किंवा टपालवाल्याच्या वेषातला. थॉर्बर्न यांच्या पत्रांवरील पक्षी खरे होते. त्यांची चोच, चण, बसण्याची ढब, सभोवतीची झाडी सारे निरीक्षणातून आलेले. दोन-चार नाण्यांत मिळणाऱ्या पत्रातून अचूक पक्षिचित्र सामान्य घरांत पोहोचले आणि विक्रीतून संस्थेच्या निधीत भर पडली. लिलफर्ड यांचा ग्रंथ विकत घेणे ज्यांना स्वप्नातही शक्य नव्हते, त्यांनी ही पत्रे जपून ठेवली.

शिकाऱ्यांचा चित्रकार पक्षिरक्षकांना कसा चालला, हा प्रश्न आजच्या वाचकास पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर संस्थेच्या नियमांत सापडते. खेळ म्हणून मान्य असलेल्या पक्ष्यांच्या शिकारीच्या वादात संस्था पडणार नाही, असे तिने प्रारंभीच ठरविले होते. सरदारवर्गाचा पाठिंबा गमावून पिसांच्या व्यापाराशी लढणे तिला परवडणारे नव्हते. ही तडजोड होती आणि तिच्यावर टीकाही झाली. तरी पिसांच्या आयातीस आळा घालणारा कायदा १९२१ मध्ये संमत झाला, यात या सबुरीचा वाटा नाकारता येत नाही. थॉर्बर्न हे त्याच तडजोडीतले एक; भाषणे किंवा पत्रके यांच्या वाटेस ते गेले नाहीत. १९२७ मध्ये संस्थेने त्यांना उपाध्यक्षपद दिले.

== ग्रंथसंपदा ==

पन्नाशीनंतर थॉर्बर्न यांनी स्वतःचे ग्रंथ लिहिले. ब्रिटिश पक्ष्यांवरील त्यांचा चार खंडांचा ग्रंथ १९१५–१६ मध्ये, ऐन महायुद्धात, प्रसिद्ध झाला. एकाच पानावर अनेक जातींचे पक्षी जिवंत वाटतील असे मांडणे हे त्याचे वैशिष्ट्य होय. त्यानंतर निसर्गअभ्यासकाच्या रेखाटनवहीचा संग्रह (१९१९), ब्रिटिश सस्तन प्राणी (१९२०–२१) आणि शिकारीचे व पाणथळीचे पक्षी (१९२३) असे ग्रंथ निघाले. अमेरिकन संशोधक विल्यम बीब यांच्या फेझंट कुळावरील बृहद्‌ग्रंथातही अन्य चित्रकारांबरोबर त्यांची चित्रे आहेत. या कुळातील मोनालसारखे कित्येक पक्षी हिमालयात राहतात.

या ग्रंथांना पुढे एक वेगळेच मोल आले. पांढऱ्या शेपटीचा समुद्रगरुड थॉर्बर्न यांनी रंगविला तेव्हा स्कॉटलंडमध्ये त्याची मोजकी जोडपी उरली होती. तेथील अखेरचा पक्षी १९१८ मध्ये शेटलंड बेटांवर बंदुकीला बळी पडला. नॉर्वेहून पिल्ले आणून १९७५ पासून तो पुन्हा वसविण्यात आला. मधल्या अर्धशतकाहून अधिक काळात ब्रिटिश वाचकांना आपल्या भूमीवरचा समुद्रगरुड चित्रांतच पाहावा लागला.

== उत्तरायुष्य ==

१८९६ मध्ये त्यांचा विवाह कॉन्स्टन्स मुडी यांच्याशी झाला. १९०२ मध्ये हे कुटुंब सरे परगण्यातील हॅस्कम गावी राहावयास गेले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले. घरात विजेचे दिवे घेण्यास थॉर्बर्न यांनी ठाम नकार दिला. दिवसाच्या उजेडात रंगवावे आणि अंधारल्यावर दिवा-मेणबत्ती लावावी, हा त्यांचा शिरस्ता. फिलिप रिकमन आणि ऑटो मरे डिक्सन हे त्यांचे शिष्य. यांपैकी डिक्सन १९१७ मध्ये महायुद्धात कामी आले. पुढे पक्षिचित्रकार म्हणून नावारूपास आलेले डोनल्ड वॉटसन यांनाही लहान वयात त्यांचे प्रोत्साहन लाभले होते.

१९३५ मध्ये थॉर्बर्न अंथरुणाला खिळले. त्या वर्षीच्या शुभेच्छापत्राचे चित्र त्यांनी पडल्यापडल्याच पूर्ण केले. विषय होता गोल्डक्रेस्ट, माथ्यावर पिवळी पट्टी मिरविणारा, जेमतेम पाच-सहा ग्रॅम वजनाचा, युरोपातील सर्वांत लहान पक्ष्यांपैकी एक. हे त्यांचे एकोणिसावे आणि अखेरचे पत्र. ९ ऑक्टोबर रोजी, नाताळपूर्वीच, त्यांचे निधन झाले. गोडाल्मिंगजवळील बझब्रिज येथील चर्चच्या आवारात त्यांचे दफन करण्यात आले.

१९३७ मध्ये निघालेल्या ब्रिटिश पक्ष्यांच्या खिशात मावणाऱ्या ऑब्झर्व्हर्स पुस्तकात लिलफर्ड यांच्या ग्रंथातील त्यांची चित्रे लहान आकारात छापण्यात आली. ब्रिटनमधील अनेक शाळकरी मुलांची पक्ष्यांशी पहिली ओळख याच पुस्तकाने झाली. कॉर्नवॉलमधील डॉबवॉल्स येथे थॉर्बर्न यांच्या चित्रांचे संग्रहालय काही वर्षे होते; १९९३ मध्ये तो संग्रह लिलावात विकला गेला. बर्फातील टार्मिगन आणि ग्राउझ यांची त्यांची चित्रे नाताळच्या शुभेच्छापत्रांवर त्यांच्या पश्चातही छापली जात राहिली.